पिकअपची उंची वाढवताना: आधी वजन, मग टायर, मग स्प्रिंग

इसुझु व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स दारात उभी राहिली की महिन्याभरात मालकाच्या डोक्यात किडा वळवळू लागतो: गाडी उचलायची. मग चौकशी सुरू होते आणि पहिला प्रश्न ठरलेला, "किती इंच?" बहुतेक खर्च इथेच वाया जातो. कारण इंच हे उत्तर आहे, प्रश्न नाही. गाडीवर कायम किती वजन राहणार आहे आणि खाली कोणते टायर येणार आहेत, हे ठरल्याशिवाय इंच विचारण्यात काही हशील नाही.

हा लेख पहिल्यांदाच या भानगडीत पडणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणं व्ही-क्रॉस आणि हायलक्सची घेतली आहेत. दोन्ही गाड्यांची घडण सारखी आहे: पुढे दोन आर्म आणि कॉइल स्प्रिंगचं स्वतंत्र सस्पेन्शन, मागे सरळ हाउसिंग, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणारा ॲक्सल, आणि त्यावर पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. या घडणीच्या दुसऱ्या कुठल्याही पिकअपलाही यातलं बरंचसं लागू पडेल.

कायद्याचं आधी उरकून घेऊ

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. झिजलेला शॉकॲब्झॉर्बर बदलणं ही दुरुस्ती. गाडी चार इंच उचलून रुंद टायर बाहेर काढणं हा सरळ बदल. मधल्या पट्ट्यात काय बसतं, ते पैसे भरण्याआधी तुमच्या आरटीओत लेखी विचारा. दुकानदाराचं "काही होत नाही साहेब" हे ना परवानगी आहे ना विमा. विमा कंपनीलाही बदल कळवा. न कळवलेल्या बदलावर बोट ठेवून दावा अडकवणं त्यांना फार सोपं असतं.

आणखी एक. लोखंडी क्रॅशगार्ड, म्हणजे बुलबार, हाही अनधिकृत बदल आहे आणि त्यावर कारवाई करा, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलं आहे. सस्पेन्शनच्या लेखात हे कशाला, असं वाटेल. पण पुढची स्प्रिंग निवडताना याचाच सगळ्यात मोठा फरक पडतो.

पहिली पायरी: वजनकाट्यावर जा

गावाबाहेर खडी-वाळूच्या गाड्या जिथे तोलतात त्या वजनकाट्यावर पिकअप न्या. नेहमी असतं तेवढं सामान गाडीत असू द्या, डिझेलची टाकी भरलेली, चालक आपल्या सीटवर. आधी फक्त पुढची चाकं प्लेटवर घ्या आणि आकडा लिहा. मग पूर्ण गाडी. शेवटी फक्त मागची चाकं. पुढचा आणि मागचा आकडा मिळून एकूण वजनाच्या जवळपास आला, की तोल नीट झाला समजा. या सगळ्याला चहाच्या दोन कपांइतके पैसे लागतात आणि त्यातून मिळणारी माहिती कुठल्याही कॅटलॉगमध्ये नसते.

आता त्यात पुढे येणार असलेलं कायमचं वजन मिळवा. हौद्यावर फायबरची कॅनपी, तिच्यावर तंबू, आत खण, पाण्याचा डबा, दुसरी बॅटरी. साठ-सत्तर किलोंच्या दोन वस्तू आणि पन्नास लिटर पाणी एवढ्यानेच दोनशे किलोंच्या आसपास पोचता. एकूण वजनाची निर्मात्याने दिलेली मर्यादा हँडबुकात पाहा आणि लक्षात ठेवा: कडक स्प्रिंग लावल्याने ती मर्यादा वाढत नाही. चासी, हाउसिंग, ब्रेक सगळं तेच राहतं.

कायमचं वजन आणि कधीमधीचं वजन यांत गल्लत करू नका. वर्षातून दोनदा आंब्याच्या पेट्या भरून आणणाऱ्याने "कायम ५०० किलो"चे पाटे घेतले, तर उरलेलं वर्ष मागच्या सीटवरची माणसं छताला डोकं आपटत प्रवास करतात.

दुसरी पायरी: आहे ते मोजून ठेवा

सपाट फरशीवर गाडी उभी करा, टायरमध्ये बरोबर हवा भरा. चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कमानीच्या कडेपर्यंत टेप लावा. चारही चाकांचे चार आकडे. जमिनीपासून मोजू नका. टायर बदलला की ते माप निरुपयोगी होतं.

या चार आकड्यांतून दोन गोष्टी समोर येतात. एक, मागची बाजू पुढच्यापेक्षा उंच असते. ती मुद्दाम ठेवलेली असते, हौदा भरल्यावर गाडी समांतर यावी म्हणून. पुष्कळ जण पुढून उचलून गाडी एकदम सपाट करतात. रिकामी असताना दिसायला ऐटबाज. पण सामान भरलं की बूड टेकतं, नाक वर होतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. थोडा उतार राहू द्या. दोन, डावी-उजवी बाजू अगदी सारखी नसते. पाच-दहा मिलिमीटरचा फरक सहज असतो आणि गाडी उचलल्यावर तो जास्त डोळ्यांत भरतो. त्यासाठी एकाच बाजूच्या स्प्रिंगवर टाकायची पातळ चकती मिळते. हा फरक आधी माहीत असेल तर नंतर गॅरेजवाल्याशी वाद घालावा लागत नाही.

तिसरी पायरी: टायर ठरवा

सस्पेन्शन उचललं की चासी वर जाते, बंपर वर जातो, पोट वर जातं. मागचं हाउसिंग आणि त्यातला डिफरन्शियलचा गोळा मात्र जिथल्या तिथे राहतो, कारण तो थेट चाकांच्या मध्ये बसलेला असतो. दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा खरवडतो तो हा गोळाच. त्याला वर नेण्याचा एकच मार्ग: मोठा टायर. तोही अर्ध्या हिशेबाने, म्हणजे व्यास जेवढा वाढला त्याच्या निम्मं.

आकडे पाहा. व्ही-क्रॉसचा २५५/६० आर १८ टायर साधारण ७६३ मिलिमीटर व्यासाचा. त्याजागी २६५/६५ आर १८ घेतला तर ८०२. व्यास वाढला ३९, गोळा उचलला गेला जेमतेम १९ मिलिमीटर. हायलक्सचा २६५/६० आर १८ मुळात ७७५ चा, तिथे त्याच टायरने १३ मिलिमीटरच मिळतात. ऐकायला कमी वाटतं, पण दगडावर गोळा आपटणं आणि निसटून जाणं यांत तेवढंच अंतर असतं.

मोठ्या टायरची किंमतही कळू द्या. व्ही-क्रॉसच्या या बदलात व्यास पाच टक्क्यांनी वाढतो, म्हणजे स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०५ च्या आसपास असेल. चाक जड होतं, ब्रेकला जास्त जोर लागतो, गाडी वेग पकडायला वेळ लावते, डिझेल वाढतं. पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर टायर आतल्या प्लास्टिकला किंवा मागच्या बाजूला चासीला घासू शकतो. हे फिटिंगआधी तपासायचं असतं, तेही चाक वर दाबलेल्या अवस्थेत. कसं, ते पुढे सांगतो.

आपल्याकडच्या जमिनीबद्दल चार शब्द. सोलापूर-मराठवाड्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात गाडी रुतते ती उंची कमी म्हणून नाही, तर टायरच्या खाचा चिखलाने भरून गुळगुळीत झाल्या म्हणून. तिथे दोन इंच लिफ्टने काडीचाही फरक पडत नाही; खोल खाचांचा टायर आणि कमी केलेली हवा कामाला येते. कोकणातल्या जांभ्याच्या पायऱ्यांवर आणि सह्याद्रीतल्या दगडी ओढ्यांत मात्र बंपरचा कोन आणि पोटाची उंची खरोखर उपयोगी पडते. तुमचं फिरणं यांपैकी कुठल्या जमिनीवर, याचं उत्तर प्रामाणिकपणे द्या. बऱ्याच जणांचं उत्तर "खडबडीत डांबर आणि थोडी लाल माती" असंच निघतं. त्यांना चांगले टायर आणि चांगले शॉकॲब्झॉर्बर पुरतात, लिफ्ट लागतच नाही.

चौथी पायरी: मागची बाजू

मागून सुरुवात करा, कारण वजन तिथे येतं. उंची वाढवण्याचे चार रस्ते आहेत.

सर्वांत स्वस्त म्हणजे ठोकळा. हाउसिंग आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी ठोकळा घालायचा आणि लांब यू-बोल्टने आवळायचं. पाटे तेच राहतात, म्हणून बसण्यात फरक नाही. पण पाटे हाउसिंगपासून लांब गेले की जोरात क्लच सोडताना किंवा चढावर हाउसिंग स्वतःभोवती पिळायला जातं आणि पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वाकतात. एक-दीड इंचापर्यंत चालून जातं. ठोकळ्यावर ठोकळा कधीही नको. तो सरकला तर हाउसिंग जागा सोडतं.

दुसरा, लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं मागचं टोक चासीला जोडणारा झुलता दुवा. शॅकल जेवढा लांब घ्याल त्याच्या साधारण निम्मी उंची मिळते. सोबत हाउसिंगचा कोन बदलतो, मागच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (त्याचा सांधा) वाकडा चालतो आणि गाडी बाजूला डुलायला लागते. मला हा प्रकार अजिबात पटत नाही.

तिसरा आपल्याकडे सर्वांत जास्त चालणारा: पाटेवाल्याकडे जाऊन एक पाटा वाढवणं. चांगला पाटेवाला असेल तर हे काम उत्तम होतं, आणि असे कारागीर जिल्ह्याच्या प्रत्येक ट्रक अड्ड्यावर आहेत. पण त्यांचा हात मालवाहू गाड्यांवर बसलेला असतो. त्यांना सांगितलं "उंची वाढवा" की ते टेम्पोचा जाड, आखूड पाटा खाली घालतात. त्याने उंची येते, पण गाडी रिकामी असताना मागचं चाक खड्ड्यात उतरतच नाही, उड्या मारतं. सांगायचं असं: पाटा पातळ हवा, लांबीने वरच्या पाट्यांच्या जवळ जाणारा हवा आणि त्याची कमान बाकीच्यांपेक्षा थोडीच जास्त हवी. काम झाल्यावर खाली वाकून पाहा. प्रत्येक पाट्याचं टोक वरच्या पाट्याला टेकलेलं दिसलं पाहिजे, मध्ये फट नको. सेंटर बोल्ट नवा हवा आणि त्याचं डोकं हाउसिंगवरच्या भोकात नीट बसलेलं हवं. ते बसलं नाही तर मागचं चाक एका बाजूला सरकतं आणि गाडी रस्त्यावर तिरकी पळते.

चौथा रस्ता म्हणजे पाट्यांचा पूर्ण नवा संच, नवे बुश (सांध्यातले रबर) आणि नव्या पिनांसह. खर्च सर्वांत जास्त, पण वजन कायमचं असेल तर हाच योग्य. ऑस्ट्रेलियातले ओल्ड मॅन इमू, आयर्नमॅन, टफ डॉग असे निर्माते एकाच गाडीसाठी वजनाप्रमाणे वेगवेगळे संच देतात: रिकामी ते थोडं सामान, कायम ३०० किलो, कायम ५०० किलो अशा पायऱ्यांनी. तुमचा वजनकाट्याचा कागद इथे काढा. दोन पायऱ्यांच्या मध्ये अडकलात तर हलका संच घ्या. कधीमधी जास्त भरावं लागलं तर त्यासाठी पाट्यांवर बसणारे हवेचे फुगे मिळतात. मात्र ते दाबून भरून सतत ओव्हरलोड चालवलं, तर चासी वाकल्याची उदाहरणं पिकअपमध्ये आहेत.

यांपैकी काहीही करा, यू-बोल्ट नवेच घ्या. एकदा ताणून आवळलेला यू-बोल्ट लांबलेला असतो, त्याचे आटे दबलेले असतात, तो पुन्हा तेवढा धरत नाही. शे-दोनशे रुपये वाचवण्याची ही जागा नाही.

पाचवी पायरी: पुढची बाजू

इथे गुंतागुंत जास्त आहे, म्हणून सावकाश.

पुढच्या कॉइल स्प्रिंगमध्ये शॉकॲब्झॉर्बर असतो आणि हे दोन्ही मिळून खालच्या आर्मवर, चाकापासून थोडं आतल्या बाजूला उभे असतात. त्यामुळे स्प्रिंगच्या डोक्यावर एक इंच जाडीची चकती टाकली, तर चाकाजवळ जवळपास दुप्पट, पावणेदोन-दोन इंच उंची वाढते. "फक्त एक इंचाचा स्पेसर आहे" म्हणून विकणाऱ्याला हा प्रश्न जरूर विचारा: चकती एक इंचाची की लिफ्ट एक इंचाची?

स्पेसर दोन प्रकारचे. एक स्प्रिंगच्या वर, शॉकच्या डोक्याखाली बसतो आणि स्प्रिंगला आधीपासूनच जास्त दाबून ठेवतो. यात शॉकची पूर्ण उघडी लांबी बदलत नाही. म्हणजे समजा मुळात चाक ९० मिलिमीटर खाली लटकू शकत होतं आणि तुम्ही गाडी ५० ने उचलली, तर खाली जायला उरले फक्त ४०. प्रत्येक स्पीडब्रेकर उतरताना शॉक पूर्ण उघडून "टक्" आवाज येतो. दुसरा शॉकच्या डोक्यावर, चासीच्या खाली बसतो. त्याने चाक खाली जास्त लटकतं, पण त्यामुळे बॉल जॉइंट (आर्म आणि चाक यांच्यामधला सांधा) आणि ड्राइव्ह शाफ्ट (पुढच्या चाकांना फिरवणारे दांडे) मुळात ठरवलेल्या कोनाच्या बाहेर ताणले जातात. आणि चाक पूर्ण वर दाबलं गेलं की चाकाला शेवटी अडवणाऱ्या रबरी बंपस्टॉपच्या आधी शॉकच तळाला आपटण्याची भीती.

थोडक्यात, स्पेसर म्हणजे जुन्याच स्प्रिंगला टाचा लावणं. चांगला मार्ग म्हणजे नवी, योग्य लांबीची स्प्रिंग आणि तिच्या मापाचा शॉक.

आता बुलबारची गोष्ट. ऑस्ट्रेलियात पिकअपला पुढे लोखंडी बार आणि विंच असणं जवळपास गृहीत असतं. तिथल्या कॅटलॉगात मधल्या ताकदीची म्हणून दिलेली पुढची स्प्रिंग शे-पाऊणशे किलोंच्या त्या लोखंडासाठी बनवलेली असते. ती आपण बारशिवाय लावली की दोन गोष्टी होतात: ४० मिलिमीटर म्हणून घेतलेली लिफ्ट त्याहून बरीच वर जाते आणि पुढचं नाक दगडासारखं कडक होतं. नवख्यांची तक्रार असते, "ब्रँडेड किट घेतलं तरी गाडी आपटते." किट चांगलंच असतं, स्प्रिंग दुसऱ्याच वजनाची असते. महाराष्ट्रात कायदेशीर वापरासाठी बहुतेकांना कॅटलॉगातली सर्वांत हलकी, "बारशिवाय" लिहिलेली स्प्रिंगच लागते.

व्ही-क्रॉसवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. जगभरात डी-मॅक्सची, म्हणजे व्ही-क्रॉस ज्या मॉडेलवर आधारलेली आहे त्याची, नवी पिढी २०१९ च्या अखेरीस आली, पण २०२१ ची आपली बीएस-६ व्ही-क्रॉस आधीच्याच पिढीवर बनलेली आहे. आरसीवरचं वर्ष परदेशी कॅटलॉगात टाकलंत तर नव्या पिढीचे भाग समोर येतील, आणि ते बसणार नाहीत. २०१२ पासूनच्या पिढीचे भाग शोधा, आणि तेही चासी नंबर आणि जुन्या शॉकचे फोटो पाठवून पक्कं करून. हायलक्सच्या बाबतीत २०१५ पासूनची आठवी पिढी पाहा.

किती उचलायचं? पुढे ४० ते ५० मिलिमीटर. त्याच्या आत राहिलात तर बाकीचे भाग बहुधा मूळचेच चालतात. पन्नासच्या वर गेलात की खर्चाची रांग लागते:

- वरचे आर्म. गाडी उचलली की चाकाचा मागचा-पुढचा कल, ज्याला अलाइनमेंटवाले कॅस्टर म्हणतात, कमी होतो. स्टिअरिंग हलकं आणि चंचल होतं, वळणानंतर आपोआप सरळ येत नाही. नवे आर्म तो कल परत देतात आणि बॉल जॉइंटला मोकळीक देतात. मूळचा आर्म चाक लटकल्यावर स्प्रिंगला टेकतो का, तेही पाहा; टेकत असेल तर रंग उडून चकचकीत झालेली रेघ दिसते.
- डिफरन्शियल खाली घेण्याचे स्पेसर. पुढचा गोळा चासीला बांधलेला असल्याने लिफ्टबरोबर तो वर जातो आणि ड्राइव्ह शाफ्ट तिरके होतात. स्पेसरने गोळा इंचभर खाली आला की शाफ्ट जरा सरळ होतात. पण मिळवलेल्या उंचीतला काही भाग इथेच परत गेला, हेही लक्षात घ्या.
- मागच्या दोन तुकड्यांच्या प्रोपेलर शाफ्टच्या सेंटर बेअरिंगखालचे स्पेसर. गाडी उठताना ठरावीक वेगाला बुडाखाली थरथर जाणवायला लागली, तर संशय आधी इथे घ्यावा.
- ब्रेकचे होज, एबीएसची वायर, हँडब्रेकची केबल. चाक पूर्ण लटकल्यावर यांतलं काहीही ताणलेलं नको.

चार-सहा इंचांच्या लिफ्टचा विचार या लेखापुरता सोडून द्या. त्यात चासीखाली नवे ब्रॅकेट लागतात, आणि घाटातल्या वळणावर उंच गेलेलं वजन कुठे ढकलतं ते ताम्हिणीत भर पावसात अनुभवण्याची गरज नाही.

सहावी पायरी: शॉकॲब्झॉर्बर

पैसे थोडेच असतील तर ते इथे घाला. स्प्रिंग गाडी उचलून धरते, पण रस्त्यावर गाडी हातात राहते ती शॉकमुळे.

दोन मुख्य जाती आहेत. दुहेरी नळीच्या शॉकमध्ये काम करणारी नळी आत असते आणि बाहेरची तिचं रक्षण करते, त्यामुळे दगड लागून पोचा आला तरी तो चालतो. तोटा हा की खडबडीत रस्त्यावर तासभर पळवलं की तेल तापतं, त्यात फेस होतो आणि शॉक ढिला पडतो. नायट्रोजन भरलेले किंवा आत फोम असलेले शॉक हा फेस कमी करतात. एकेरी नळीचे शॉक, बिलस्टाइनसारखे, उष्णता पटकन बाहेर टाकतात आणि जास्त नेमके वागतात, पण नळीलाच खोल पोचा आला तर आतला पिस्टन अडकतो. बाजूला वेगळी तेलाची बाटली असलेले शॉक शर्यतीला किंवा वाळवंटातल्या लांब पल्ल्याला. वीकेंडला मावळात जाणाऱ्याला त्याची गरज मला दिसत नाही. थायलंडच्या प्रोफेंडरपासून अमेरिकेच्या फॉक्सपर्यंत पर्याय पुष्कळ आहेत. निवडताना नावापेक्षा एक प्रश्न महत्त्वाचा: याचे सील आणि सुटे भाग इथे मिळतात का, की एक गळाला की जोडी बदलायची?

लांबी तपासा. उचललेल्या गाडीला मागे जरा लांब शॉक लागतात. पण फार लांब घेतलात तर चाक वर दाबलं जाताना बंपस्टॉपआधी शॉक पूर्ण मिटतो आणि त्याचं बूड फुटतं. उघडी लांबी आणि मिटलेली लांबी, दोन्ही आकडे विक्रेत्याकडून घ्या.

फिटिंगच्या दिवशी

कॉइल स्प्रिंग उघडणं हे घरच्या अंगणातलं काम नाही. दाबलेली स्प्रिंग कॉम्प्रेसरमधून सुटली तर माणूस दगावू शकतो. चांगल्या वर्कशॉपमध्येच जा, आणि तिथे उभे राहून या गोष्टी पाहा.

आर्मचे आणि पाट्यांचे बुशचे बोल्ट गाडी हवेत लटकलेली असताना शेवटचे आवळायचे नाहीत. आधी हाताने बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-चारदा दाबून हलवायची आणि मग टॉर्क रेंचने आवळायचे. लटकत्या अवस्थेत आवळलेला रबरी बुश गाडी उतरली की कायमचा पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. घाईतली गॅरेजं हमखास हे चुकवतात.

मग गाडी वर्कशॉपच्या लिफ्टवर असतानाच चाक पूर्ण लटकवून स्टिअरिंग एका टोकापर्यंत वळवायला सांगा आणि टॉर्च घेऊन ड्राइव्ह शाफ्टचा रबरी बूट पाहा. बुटाच्या घड्या एका बाजूला एकमेकींवर चेपल्या जात असतील तर कोन जास्त झालाय. अशा घड्या घासून बूट फाटतो, ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडतं आणि मागोमाग जॉइंट कटकट करायला लागतो. त्यानंतर एका चाकाखाली जॅक लावून तेच चाक वर दाबा आणि टायर कुठे घासतो का ते पाहा. दोन्ही बाजूंनी. कंटाळवाणं आहे, पण हे इथेच दिसलं तर मेकॅनिक समोर असतो.

मागे हौद्याखाली वजनानुसार ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असेल, तर त्याचा दांडा हाउसिंगला जोडलेला असतो. गाडी उचलली की त्या व्हॉल्व्हला गाडी कायम रिकामीच वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. त्याचं ब्रॅकेट तेवढंच उचलून घ्यावं लागतं. तुमच्या मॉडेलमध्ये तो आहे का, एवढं विचारा.

त्यानंतर

त्याच दिवशी अलाइनमेंट. छापील रिपोर्ट घ्या, त्यात कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल), कॅस्टर, टो (चाकं पुढून आत की बाहेर वळली आहेत ते) तिन्ही हवेत. फक्त टो जुळवून "झालं" म्हणणाऱ्याकडून निघा. स्टिअरिंग सरळ असताना गाडीलाही ते सरळच वाटतंय ना, म्हणजे स्टिअरिंगच्या सेन्सरचा शून्य बिंदू, तोही जुळवून घ्या, नाहीतर स्थिरतेच्या प्रणालीचा दिवा लागतो. हेडलाइट खाली घ्या.

पहिले ५०० किलोमीटर शांतपणे चालवा, मग यू-बोल्ट आणि सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कने तपासून घ्या. नव्या स्प्रिंगा या काळात थोड्या बसतात. चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंतचे चार आकडे परत मोजा आणि जुन्या आकड्यांशेजारी लिहून ठेवा. पुढच्या वर्षी एखादी बाजू खाली आली तर कुठली स्प्रिंग दमली, ते लगेच कळेल.

काढलेल्या मूळच्या स्प्रिंगा, शॉक आणि पाटे भंगारात देऊ नका. त्यांच्यावर डावा-उजवा, पुढचा-मागचा असं पेंटने लिहून माळ्यावर टाका. आरटीओने हरकत घेतली, गाडी विकायला काढली किंवा वॉरंटीचा वाद झाला, तर तेच भाग परत लावावे लागतात.